दोन टनांचे दीड क्विंटल

सुरुवात एका कबुलीने करते. गेल्या फेस्टमध्ये आमच्या पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं होतं, आठवतंय? हिरव्या कार्डशीटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "लेडीज हॉस्टेलच्या कपाटाने एका वर्षात वाचवला २ टन कार्बन!" तो आकडा चुकीचा होता. थोडाथोडका नाही, चांगला तेरा-चौदा पटीने चुकीचा. आणि तो मी काढला होता.

हा लेख म्हणजे त्या चुकीचा पंचनामा आहे. माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटात झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांवर आणि गणिताची माझ्यावर!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लेडीज हॉस्टेलच्या जिन्याखाली एक छोटी खोली आहे. तिथे जुनं लोखंडी कपाट आहे. पास-आउट झालेल्या सीनियर्सनी मागे ठेवलेले मिनी ड्राफ्टर, वर्कशॉपचे बॉयलर सूट, दोन-तीन कॅल्क्युलेटर, शिवाय वर्गणी काढून घेतलेल्या दोन इस्त्र्या आणि एक केटल, असा सगळा संसार त्यात असतो. किल्ली मावशींकडे असते. वस्तू न्यायची, रजिस्टरात लिहायचं, काम झालं की परत करायची. पैसे नाहीत.

मी काय केलं होतं? रजिस्टरातल्या नोंदी मोजल्या : ४१२. एका वस्तूचा सरासरी कार्बन ५ किलो धरला. गुणाकार केला : २,०६० किलो. झाले दोन टन! परीक्षकांनी मान डोलावली. मीही डोलावली.

फेस्टनंतर पोस्टर मावशींच्या टेबलामागे लावलं. मावशींनी ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "पोरी, हे दोन टन कुठनं आले गं?" मी ऐटीत समजावलं, की मुलींनी ४१२ वेळा वस्तू नेल्या, म्हणजे ४१२ वस्तू विकत घ्याव्या लागल्या नाहीत. मावशी रजिस्टर उघडून म्हणाल्या, "ही बघ, ही पोरगी. हिने वर्षात एकतीस वेळा इस्त्री नेली. ती काय एकतीस इस्त्र्या विकत घेणार होती?"

सेमिस्टरभर ऑपरेशन्स रिसर्च शिकून जे कळलं नाही ते मावशींच्या एका वाक्यात कळलं. पण तेव्हा मी "हो, बघते" म्हणून सटकले. खरं सांगायचं तर बक्षिसाचं सर्टिफिकेट नुकतंच घरी पाठवलं होतं!

उसनं आणि मागून आणलेलं

मे महिन्यात मामाच्या मुलीचं लग्न होतं. माझं आजोळ कसाऱ्याजवळच्या एका पाड्यावर आहे. कसारा लोकलने शेवटच्या स्टेशनला उतरायचं आणि पुढे जीपने जायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी मामाने सांगितलं, "चल, गावकीची भांडी आणायची आहेत." आम्ही दोन घरं सोडून गेलो. एका खोलीत मांडणीवर दीडशे ताटं, दीडशे पेले, पराती, झारे आणि सहा भलेमोठे जर्मनचे टोप होते. (अॅल्युमिनियमला गावात जर्मन म्हणतात, आणि आपल्या मटेरियल सायन्सच्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही!) प्रत्येक ताटाच्या मागे पाड्याचं नाव आणि नंबर कोरलेला. वहीत नोंद झाली. हरवलं तर भरून द्यायचं, पोचा आला तर दंड.

मी आजीला म्हटलं, "म्हणजे आपण भांडी उसनी आणली." आजी हसायलाच लागली. "अगं, साखर उसनी आणतात. टोप मागून आणतात. उसनं खाऊन संपतं, मग तेवढंच दुसरं द्यायचं. मागून आणलेलं घासून तेच परत द्यायचं."

इंग्रजीत या दोन्हींना मी आजवर एकच शब्द वापरत आले होते. पण कार्बनच्या हिशेबात आजीचा हा फरक पहिल्या नंबरचा आहे. वाटीभर साखर उसनी आणली तर जगात साखर तेवढीच खपते. फक्त आज कोणाच्या डब्यातली आणि उद्या कोणाच्या, एवढंच बदलतं. बचत शून्य. टोप मागून आणला तर एक टोप कमी बनण्याची शक्यता असते. लक्षात घ्या, शक्यता!

हळदीच्या रात्री सगळे नाचत असताना मी पाठीमागच्या पडवीत वजनं करत बसले होते. मामाचा तराजू होताच. ताट साधारण ३०० ग्रॅम, पेला ८० ग्रॅम. म्हणजे स्टेनलेस स्टील एकूण ५७ किलो. टोप सरासरी ८ किलोचा, म्हणजे सहांचं जर्मन ४८ किलो.

आता प्रत्येक किलोमागे कार्बन किती? इथे थोडं थांबू. आपण बोलताना "कार्बन" म्हणतो, पण मोजतो कार्बन डायऑक्साइड. दोन्ही एक नाहीत. १ किलो कार्बन जळला की त्यात ऑक्सिजन मिळून ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (४४ भागिले १२, अकरावीची केमिस्ट्री). कोणी आकडा सांगितला तर आधी विचारा, कशाचे किलो? या लेखात सगळीकडे कार्बन डायऑक्साइडचेच किलो आहेत. मिथेनसारखे इतर वायूही त्याच मापात बदलून त्यात धरलेले असतात.

आपल्याकडे साधं पोलाद बनवताना एका टनामागे साधारण अडीच टन बाहेर पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने "हरित पोलाद" कशाला म्हणायचं ते ठरवलं, तेव्हा मर्यादा टनामागे २.२ टन ठेवली. यावरून अंदाज यावा. स्टेनलेसमध्ये क्रोमियम-निकेल असतं, म्हणून मी किलोमागे ५ धरले. अॅल्युमिनियम मात्र विजेचं राक्षस आहे. जगाची सरासरी किलोमागे १५-१६ च्या आसपास, आणि कोळशाच्या विजेवर बनवलं तर त्याहून जास्त. मी १६ धरले.

तर ५७ गुणिले ५ म्हणजे २८५. ४८ गुणिले १६ म्हणजे ७६८. बेरीज साधारण १,०५० किलो. सहा टोपांनी दीडशे ताटांना मागे टाकलं!

आता माझ्या पोस्टरच्या पद्धतीने हिशेब करू. पाड्यावर चाळीस घरं आहेत. प्रत्येकाने असा संच घेतला असता तर ४२ टन. गावकीने एकच घेतला, म्हणून वाचले ४१ टन! पोस्टरवर काय दिसलं असतं! पण माझ्या मामाने जन्मात दीडशे ताटं विकत घेतली नसती. ठेवणार कुठे, गोठ्यात? गावकीची भांडी नसती तर त्याने कसाऱ्याच्या बाजारातून मंडपवाल्याची भांडी भाड्याने आणली असती, नाहीतर टाकायच्या प्लेटा. म्हणजे तुलना करायची ती खरोखर झालं असतं त्याच्याशी. झालंच नसतं त्याच्याशी नाही. या लेखातलं निम्मं गणित या एका वाक्यात आहे.

हा संच पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. लग्नं, हळदी, पूजा, सप्ताह, दहावं-बारावं धरून वर्षाला पंधरा वेळा तरी निघतो. पंचवीस गुणिले पंधरा, ३७५ वेळा. १,०५० भागिले ३७५, म्हणजे एका कार्याच्या वाट्याला फक्त २.८ किलो. मंडपवाल्याची भांडीही अशीच अनेक ठिकाणी फिरतात, त्यामुळे त्याच्या भांड्यांचा वाटाही साधारण तेवढाच. मग फरक कशात? टेम्पोत! बाजार चौदा किलोमीटरवर. छोटा हत्ती भांडी टाकायला येणार, रिकामा जाणार, दुसऱ्या दिवशी रिकामा येणार, भांडी घेऊन जाणार. ५६ किलोमीटर, चढणीचा रस्ता, चार लिटर डिझेल. एका लिटरला २.७ किलो, म्हणजे जवळजवळ ११ किलो. भांड्यांच्या चौपट टेम्पो!

आणि टाकायच्या प्लेटा आणल्या असत्या तर? थर्मोकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली, आता बाजारात मिळतात त्या कागदाच्या. तीनशे माणसांच्या प्लेटा, द्रोण, ग्लास मिळून साडेसात किलो माल धरला तर अंदाजे १५ ते २० किलो कार्बन. आजी म्हणते, तिच्या वेळी पळसाच्या पत्रावळी होत्या, घरीच लावलेल्या. त्यांच्या कार्बनचा हिशेब मी करत नाही, कारण तो कुठलेही आकडे धरले तरी नगण्य येईल.

म्हणजे गावकीच्या भांड्यांमुळे एका कार्याला १० ते २० किलो वाचले. वर्षाला १५० ते ३००. ४१ टन नव्हे.

घासायचं पाणी मी विसरलेले नाही, आणि पाड्यावर ते कोणीच विसरत नाही. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा. मुंबईला पाणी इथून जातं आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. लग्नंही मे महिन्यातच. दीडशे ताटं तीन पंगतींना घासायची म्हणजे सातशे-आठशे लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरला फेरीमागे सहा लिटर डिझेल लागतं असं धरलं, तर आपल्या वाट्याला सव्वा किलो कार्बन. कागदावर किरकोळ. पण माम्या म्हणाल्या, "तुझा कार्बन राहू दे, पाणी कोण देणार?" शेवटी पहिली पंगत स्टीलच्या ताटात आणि नंतरच्या कागदी प्लेटांत जेवल्या. त्यामुळे माझ्या वरच्या आकड्यातून त्या दिवसापुरते निम्मे तरी वजा करा.

(जाता जाता : त्या रात्री डीजेच्या जनरेटरने पंधरा लिटर डिझेल प्यायलं. ४० किलो. भांड्यांवर वाचवलेलं सगळं "झिंगाट"ला गेलं!)

कसाऱ्याचं मागचं इंजिन

परत येताना लोकलला वेळ होता म्हणून प्लॅटफॉर्मवर बसले होते. नाशिककडे जाणारी एक एक्सप्रेस येऊन थांबली आणि तिच्या शेपटीला इंजिनं येऊन लागली. लहानपणापासून हे बघत आले आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते वेगळं दिसलं.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. १८६५ मध्ये रेल्वे इथून वर गेली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. बहुतेक गाड्यांना पुढचं इंजिन एवढ्या चढावर पुरत नाही, म्हणून मागून दोन-तीन इंजिनं ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात.

आता समजा प्रत्येक गाडीने "माझं मला हवं" म्हणून जादा इंजिनं मुंबईपासूनच सोबत घेतली असती. डब्ल्यूएजी-७ जातीच्या एका इंजिनाचं वजन १२३ टन. पंधरा-सोळा किलोमीटरच्या घाटासाठी ते ओझं नागपूर-हावड्यापर्यंत ओढत न्यायचं! त्यापेक्षा घाटाच्या पायथ्याशी सामाईक इंजिनं ठेवली. हेही एक जिन्याखालचं कपाटच आहे, फक्त जरा जड.

ही वाटणी जमते कारण तीन गोष्टी जुळतात. वस्तू महाग आणि जड आहे. प्रत्येकाला ती थोडाच वेळ लागते. आणि लागते ती त्याच जागी, म्हणजे परत करायला लांब जावं लागत नाही. यातली एक जरी निसटली तरी गणित फिरतं. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-शिर्डी वंदे भारत हा घाट बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटारी डब्यांखाली वाटलेल्या आहेत आणि त्या सबंध प्रवासभर कामाला येतात. रोज सतत लागणारी गोष्ट स्वतःची असलेली बरी. रूम पार्टनरचा टूथब्रश कोणी मागून नेत नाही!

तिसऱ्या मुद्द्यावर फिनलंडच्या संशोधकांचा २०२१ चा एक अभ्यास वाचला. एक जीन्स विकत घेऊन वापरणं, जास्त दिवस वापरणं, दुसऱ्याला देणं, रीसायकल करणं आणि भाड्याने घेणं, अशा तऱ्हा त्यांनी ताडून बघितल्या. हवामानाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट ठरलं भाड्याने घेणं! कारण ती आणायला-पोचवायला होणारा प्रवास. आपला छोटा हत्तीच तो, फिनलंडमधला.

पुन्हा रजिस्टर

नवीन वर्ष सुरू झाल्यावर मी रजिस्टर घेऊन बसले. या वेळी मावशींना शेजारी बसवलं.

पहिली चाळणी : एक मुलगी आणि एक वस्तू यांची जोडी एकदाच मोजायची. एकतीस वेळा इस्त्री म्हणजे एक. ४१२ च्या झाल्या १४३.

दुसरी चाळणी : प्रत्येकीला जाऊन विचारायचं, "कपाट नसतं तर काय केलं असतंस?" तेवीस जणी पास होऊन गेल्या होत्या, १२० उत्तरं मिळाली. "विकत घेतली असती" म्हणणाऱ्या ३१. "मैत्रिणीकडून मागितली असती" म्हणणाऱ्या ६४. "काही नाही, तशीच गेले असते" म्हणणाऱ्या २५. याच प्रमाणात १४३ ला लावलं तर विकत घेतल्या गेल्या असत्या अशा वस्तू ३७. बसा आता, ४१२ वरून ३७!

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं हेही सांगून ठेवते. आधी मी पोस्टरबद्दल सांगून मग विचारत होते, तेव्हा सगळ्या "हो हो, घेतलीच असती" म्हणायच्या. नंतर काही न सांगता विचारायला लागले आणि पहिल्या काही जणींकडे पुन्हा जाऊन आले. या सगळ्या हिशेबात सर्वांत डळमळीत आकडा कुठला, तर पोलादाचा नाही, अॅल्युमिनियमचा नाही, हा आहे.

त्या ३७ मध्ये ड्राफ्टर १४, बॉयलर सूट ११, इस्त्र्या ५, केटल ४, कॅल्क्युलेटर ३. पण १४ पैकी ६ जणी म्हणाल्या, आम्ही सीनियरकडून सेकंडहँड घेतला असता. म्हणजे नवा ड्राफ्टर बनायचा टळला तो ८ वेळाच. कपाट यायच्या आधीही हॉस्टेलमध्ये जुने ड्राफ्टर फिरतच होते, त्याचं श्रेय आम्ही का घ्यायचं?

तिसरी चाळणी मला सगळ्यांत आवडली. वस्तू दोन जातींच्या असतात, पडून राहणाऱ्या आणि झिजणाऱ्या. ड्राफ्टर इंजिनिअरिंग ड्रॉइंगपुरता लागतो, मग कपाटावर धूळ खातो. वापरला तरी फारसा झिजत नाही. चार जणींनी वापरला तर खरंच तीन ड्राफ्टर वाचतात. पुस्तकही तसंच, चार दिवसांत वाचून होतं आणि चाळीस वर्षं फळीवर बसतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून हेच करत आलं आहे, कोणी त्याला कार्बनचं नाव दिलं नव्हतं इतकंच. बॉयलर सूटचं तसं नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि धोब्याचा दगड यांना तो कोणाचा आहे याच्याशी कर्तव्य नसतं. दोघींनी वापरला तर निम्म्या वेळात फाटतो. सीनियर्सनी ठेवलेल्या सुटांचं अर्धं आयुष्य उरलेलं असतं, म्हणून त्यांची बचत मी अर्धीच धरली.

एका वस्तूचे आकडे मी मालाच्या वजनावरून अंदाजे काढले : ड्राफ्टर ५ किलो, सूट १२ (कापडाला किलोमागे बराच लागतो), इस्त्री ७, केटल ६, कॅल्क्युलेटर ३. मग ड्राफ्टरचे ४०, सुटांचे १३२ चे निम्मे ६६, इस्त्र्यांचे ३५, केटलचे २४, कॅल्क्युलेटरचे ९. एकूण १७४ किलो.

आता वजाबाकी. कपाटासाठी दोन इस्त्र्या आणि केटल नव्या घेतल्या, त्यांचे २० किलो. चार वर्षं टिकतील असं धरून या वर्षाच्या वाट्याला ५. इस्त्री दुरुस्तीला स्कूटीने बाजारात तीन फेऱ्या, एक लिटर पेट्रोल, २.३ किलो. आणि एक गंमत : "तशीच गेले असते" म्हणणाऱ्या मुली कपाटामुळे इस्त्री करायला लागल्या! त्यांच्या नोंदी ९०. साडेसातशे वॅटची इस्त्री वीस मिनिटं, म्हणजे पाव युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो पडतो. म्हणजे एका इस्त्रीला ०.१८, नव्वदांना १६ किलो. चापूनचोपून केलेल्या ओढणीचा हा कार्बन.

ही "जादा वापरा"ची गोष्ट मोठ्या प्रमाणावरही दिसते. बर्कलीच्या एलियट मार्टिन आणि सुसान शाहीन यांनी उत्तर अमेरिकेतल्या कार-शेअरिंगच्या सभासदांचा अभ्यास २०११ मध्ये छापला. त्यात निम्म्याहून जास्त कुटुंबांचा कार्बन चक्क वाढला होता! ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना आता हाताशी गाडी मिळाली ना. पण ती वाढ बारीक होती. उरलेल्यांनी आपली गाडी विकली किंवा घ्यायची टाळली, त्यांची घट इतकी मोठी होती की एकंदरीत कार्बन कमीच झाला. म्हणून दोन-चार मैत्रिणींना विचारून निष्कर्ष काढू नका, सगळ्यांची बेरीज करा.

वाचलेल्या पैशांचं काय झालं हे मात्र मी मोजलं नाही. एकीने ड्राफ्टरचे पैसे वाचवून इगतपुरीला बाइकवर सहल केली. तो हिशेब तिच्या आईकडे.

तर १७४ वजा ५ वजा २ वजा १६, उरले १५१ किलो. दोन टनांचे दीड क्विंटल! आणि हा १५१ सुद्धा १५१ च आहे असं समजू नका. उत्तरं थोडी इकडे-तिकडे झाली तर १०० ते २५० मध्ये कुठेही असू शकतो. पण दोन हजार नक्की नाही.

दीड पंखा

दीड क्विंटल म्हणजे किती? पासष्ट लिटर पेट्रोल. आणखी जवळचं उदाहरण देते. आपल्या खोल्यांतले जुने पंखे ७५ वॅटचे. नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. दिवसाला बारा तास, वर्षाला २७० दिवस धरले तर एका पंख्यामागे १४६ युनिट, म्हणजे १०५ किलो वाचतात. अख्ख्या कपाटाचं वर्षाचं काम म्हणजे दीड पंखा!

हे गणित झालं तेव्हा मी चक्क वही मिटून ठेवली. कारण जिन्याखालची ती खोली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी मागितली गेली आहे, आणि रेक्टर मॅडमनी मला सांगितलं होतं, "तुझा तो दोन टनांचा आकडा लेखी दे, कमिटीपुढे ठेवते. मग खोली कोणी घेणार नाही." मी दोन टनच लिहून दिले असते तर कोणाला कळलं असतं? मावशींना. बाकी कोणालाही नाही.

दोन दिवस मी मॅडमना टाळलं. मेसला मागच्या दाराने जात होते. तिसऱ्या दिवशी मावशींनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि त्या पंचवीस "तशीच गेले असते"वाल्यांतल्या चार नावांवर बोट ठेवलं. चारही बॉयलर सूटच्या नोंदी. सूट नसेल तर वर्कशॉपमध्ये आत घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या चौघींनी नवीन सूट घेतला नसता, टर्म संपेपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या असत्या. माझ्या हिशेबात या चौघींची बचत शून्य होती. उलट सूट झिजला म्हणून थोडी वजाच.

मी मॅडमना दोन कागद दिले. एकावर १५१ किलो, त्याची सगळी मांडणी आणि वर दीड पंख्याची तुलनाही. दुसऱ्यावर फक्त चार नोंदी, नावं न लिहिता. मॅडमनी पहिला कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, मग पंखेच बदलायला सांगू का?" मी म्हटलं, "मॅडम, तेही सांगा." दुसरा कागद त्यांनी घडी करून फाइलमध्ये ठेवला. कमिटीची मीटिंग अजून व्हायची आहे. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा जिन्याखाली कपाट असेल की बॅटऱ्या, मला सांगता येत नाही.

तोपर्यंत पोस्टर बदललंय. दोन टनांवर पांढरा कागद चिकटवून "दीड क्विंटल (अंदाजे)" लिहिलंय. सर्टिफिकेट परत द्यायला गेले होते, पण फेस्टची कमिटीच बदललेली, कोणाला घ्यायचंच नव्हतं. रजिस्टरात मावशींनी स्वतः पट्टीने एक नवीन रकाना आखलाय : "नाहीतर काय केलं असतं?" कृपया तिथे खरं लिहा. "विकत घेतली असती" लिहिल्याबद्दल कोणी शाबासकी देणार नाहीये. आणि "काही नाही" लिहायला लाजू नका.

फायनल इयरच्या मुलींनी खोली सोडताना ड्राफ्टर मावशींकडे द्यावेत, स्क्रू सकट. आणखी सहा तरी लागतील. बॉयलर सूट द्यायचा असेल तर आधी उजेडात धरून बघा. गेल्या वर्षी आलेल्यांतल्या तीन सुटांना मागे खिडक्या होत्या.

— टी.ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल